सांगावा आधी, पाणी मंग

नवीन जालन्यात, स्टेशनाजवळच्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात सगळ्यांत कमी बोलणारा माणूस म्हणजे धुळाजी शिपाई. टेबलावर चहा ठेवायचा, फायली इकडच्या तिकडे करायच्या, कोणी 'काय धुळाजी, बरं आहे ना' म्हटलं की मान हलवायची. झालं दिवसाचं बोलणं. आणि सगळ्यांत जास्त बोलणारा होता बद्रीनाथ. परभणीहून शेतीची पदवी घेऊन आलेला, मस्तगडात खोली करून राहणारा, कडक इस्त्रीचा. त्याला मराठीत भाषण येई, इंग्रजीत भाषण येई, साध्या माणसाशी बोलणं तेवढं शिकायचं राहून गेलं होतं. शिकलेल्या माणसाचं होतं असं कधीकधी. ज्वारीचं ताट डोक्याच्या वर जातं आणि कणसात दाणा भरत नाही.

ही गोष्ट १९९४ ची. परतूर तालुक्यातल्या आष्टीत कंपनी शेतकऱ्यांकडून संकरित ज्वारीचं बी तयार करून घ्यायची. शेतात नराच्या ओळी वेगळ्या, मादीच्या वेगळ्या, आणि बियाणं म्हणून घ्यायचं ते फक्त मादीचं. आदल्या वर्षी तिथलं निम्म्याहून जास्त बी चाचणीत नापास झालं होतं, कारण दोन्हींची कणसं कुठेतरी एकत्र झाली होती. मोठ्या साहेबांनी बद्रीनाथला समोर बसवून सांगितलं, यंदा पुन्हा असं झालं तर आष्टीचं काम बंद, आणि आष्टी बंद म्हणजे तिथल्या साहेबाचंही काम बंद. तिथला साहेब म्हणजे बद्रीनाथच. त्याला लागून अजून वर्ष व्हायचं होतं.

रब्बीच्या कापणीच्या पंधरा दिवस आधी त्याने आष्टीच्या शाळेत सभा घेतली. तक्ते धरायला धुळाजीला जीपमध्ये घातलं. बत्तीस शेतकरी पटके-टोप्या सावरून बसले आणि बद्रीनाथ सव्वा तास बोलला. आनुवंशिक शुद्धता झाली, विलगीकरण झालं, तक्त्यावर काठी फिरली. समोरच्या माना एका लयीत 'हौ, हौ' म्हणत होत्या. शेवटी त्याने विचारलं, समजलं ना? सगळे म्हणाले, समजलं साहेब. बद्रीनाथने रुमालाने कपाळ पुसलं. मैदान मारलं असं त्याला वाटलं.

तक्ते गुंडाळता गुंडाळता धुळाजीने पुढच्या ओळीतल्या पुंजारामला सहज विचारलं, "काय सांगितलं सायबानं?"

"चांगलं सांगितलं," पुंजाराम म्हणाला.

"चांगलं म्हंजी काय?"

पुंजारामने जरा आठवून पाहिलं. "नर आधी काढायचा. मागल्या साली बी हेच सांगितलं व्हतं, अन् म्या बराबर तसंच केल्तं. आधी नर काढला, खळ्यावर टाकला. मंग मादी काढली, अन् टाकली त्याच्यावर."

बद्रीनाथच्या हातातली काठी हातातच राहिली. आष्टीने हुकूम मोडलाच नव्हता. हुकूम शब्दाला शब्द पाळून आष्टीने बी बुडवलं होतं. ऑफिसात 'नर आधी काढा' म्हणजे कापा, शेताबाहेर न्या, मळा, पोत्यात भरा. आष्टीत 'काढा' म्हणजे कापा. एवढ्या एका शब्दात अख्खं वर्ष गेलं होतं, आणि तोच शब्द त्याने आज सव्वा तासात वीस वेळा तरी वापरला होता.

"साहेब, म्या सांगू का?" धुळाजीने विचारलं.

बद्रीनाथने नुसती मान हलवली. उठलेली माणसं पुन्हा बसली. धुळाजी पुढे येऊन उभा राहिला आणि काहीच बोलला नाही. खोकणाऱ्याचं खोकून झालं, तंबाखू मळणाऱ्याचा हात थांबला, तरी तो उभाच. मग त्याने विचारलं की कापणी कोण करतं. बाया करतात, उत्तर आलं. मग बाया कुठं आहेत, असं त्याने विचारल्यावर बत्तीस जण एकमेकांकडे बघायला लागले. बद्रीनाथ तर जमिनीकडे बघत होता. ज्या हातात विळा असणार, त्या हाताला त्याने बोलावलंच नव्हतं.

बाया आल्या. पुंजारामची तुळजाबाई सगळ्यांत पुढे बसली. धुळाजीने तक्त्याला हातसुद्धा लावला नाही.

"नर कापा, घरी न्या, बडवा, पोत्यात भरा. नराचं पोतं शिवल्याबिगर मादीला इळा लावू नका. झालं. आता तुम्ही मला सांगा."

एकेकाकडून त्याने ते वदवून घेतलं. जो अडखळला त्याला रागावला नाही, पुन्हा सांगितलं आणि पुन्हा विचारलं. तुळजाबाईने तर उलट त्यालाच धरलं, की दोन्ही पोती एकाच घरात ठेवल्यावर ओळखायची कशी. धुळाजी म्हणाला, तूच सांग. ती म्हणाली, नराच्या पोत्याला लाल चिंधी बांधू. सगळ्या बायांनी माना डोलावल्या, आणि या वेळच्या माना निराळ्या होत्या हे बद्रीनाथलासुद्धा कळलं. इतकी वर्षं ज्याच्या हातून तो चहा घेत होता तो माणूस हाच का, असं त्याला वाटत राहिलं. वर्षं कसली, महिनेच. पण शरमेला मोजमाप नसतं.

परतताना जीपमध्ये त्याने विचारलं, "मामा, हे कुठे शिकलात?" आजवर तो त्याला नुसतं धुळाजी म्हणायचा.

मग धुळाजी बोलला. त्याचं घराणं मेंढरांचं. पावसाळा संपला की मेंढरं गावाबाहेर पडत, आज या शिवारात तर उद्या त्या, पार गोदावरीच्या काठापर्यंत. मागे घरी जे घडे ते त्यांना कळवायला ना पत्ता ना फोन. सांगावा घेऊन माणूस चालत जाई, आणि तो माणूस धुळाजी असे. निघताना सांगणाऱ्यापुढे सांगावा उलटून म्हणायचा, पोचल्यावर ऐकणाऱ्याकडून उलटून म्हणवून घ्यायचा. वाटेत एकही शब्द सांडता कामा नये.

एक्याऐंशी साली त्याच्याकडे एकाच घरचे दोन सांगावे आले. राधाकिसन मेंढरांमागे होता. धाकट्या भावाची सोयरीक जमली हा एक सांगावा, आणि बहीण दुर्गाबाई लई आजारी आहे, जल्दी ये, हा दुसरा. धुळाजी तहानलेला पोचला, आधी पाणी प्यायला, आणि भल्या बुद्धीने गोड बातमी आधी सांगितली. ते ऐकून राधाकिसनने आनंदाने चूल पेटवली, भाकरी टाकली, पाहुण्याला उठू देईना. दुसरं सांगेपर्यंत दिवस कलला होता. राधाकिसन तसाच धावत निघाला. तो पोचला तेव्हा दुर्गाबाई गेली होती. तासाभराचंच अंतर पडलं होतं.

"राधाकिसन मला काही म्हणला न्हाई," धुळाजी म्हणाला. "तवापून एकच धरलं, साहेब. एका खेपंला एकच सांगावा. कडू आधी. अन् सांगावा आधी, पाणी मंग."

बद्रीनाथच्या ओळखीच्यांना खोटं वाटेल, पण पुढे आठवडाभर तो ऑफिसात नुसता ऐकत होता.

आष्टीची कापणी लाल चिंध्यांनी पार पडली. पोळा झाल्यावर चाचणीचे निकाल आले: बत्तीसपैकी एकतीस प्लॉट पास. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली, नोकरी पक्की झाली. नापास झाला तो एकटा पुंजाराम. बद्रीनाथने कागद काढून पाहिले. पुंजारामच्या शेतापासून दुसऱ्या ज्वारीचं अंतर त्यानेच मोजलं होतं, आणि ओढ्यापलीकडचं, बाभळींनी झाकलेलं शेत मोजायचं राहिलं होतं. तिथला पराग वाऱ्याने आला. हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, कोणी विचारणारही नव्हतं. ऑफिसने सांगितलं, टपालाने कळवून टाका.

तो जीप घेऊन निघाला, आणि धुळाजी न बोलावता येऊन शेजारी बसला. वाटभर बद्रीनाथ मनात वाक्यं जुळवत होता. एकतीस पास झाल्याचं आधी सांगावं, सगळे खूश होतील, मग हळूच पुंजारामला बाजूला घ्यावं. धुळाजी रस्त्याकडे बघत होता.

पुंजारामच्या ओट्यावर सगळे जमले. तुळजाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. बद्रीनाथ तहानलेला होता. त्याने तांब्या घेतला आणि न पिता खाली ठेवला. धुळाजीने मान वर केली.

"पुंजारामकाका, तुमचा प्लॉट नापास झाला. ओढ्यापलीकडची ज्वारी मी मोजलीच नाही. चूक माझी आहे, तुमची नाही." मग तो थांबला, आणि म्हणाला, "बाकी एकतीस पास आहेत."

पुंजाराम ओट्याच्या कडेला हात टेकून बसून राहिला. बद्रीनाथला अजून खूप बोलता आलं असतं, शब्द तोंडाशी आले होते, पण तो उभा राहिला आणि गप्प राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने समोरच्याला वेळ दिला.

तुळजाबाई पुढे आली. शाळेत बोलली होती तशीच, एकेक शब्द ठेवत बोलली.

"आमचा नापास. मोजायला साहेब चुकले. बाकीच्यांचा पास. बराबर?"

"बराबर," बद्रीनाथ म्हणाला.

तिने खाली ठेवलेला तांब्या उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"मंग आता पाणी घ्या."