बाळंतिणीची खोली

एका उन्हाळ्यात आम्ही राधानगरीला तुमच्या आजोबांच्या मित्राकडे गेलो होतो. त्यांच्या बांधावरच्या जुन्या झाडाची ढोली मातीने लिंपल्यासारखी दिसत होती. "वाळवी लागलीया, आजच पाडतो," म्हणत त्यांनी कुऱ्हाड उचलली. इतक्यात मोठ्या चोचीचा धनेश आला आणि त्याने ढोलीच्या फटीत फळ धरलं. आतल्या चोचीने ते अलगद घेतलं. धनेशाची मादी स्वतःला असं कोंडून अंडी उबवते आणि नर तिला भरवतो, हे मी त्यांना सांगितलं.

"म्हंजे आत बाळंतीण हाय की!" कुऱ्हाड ठेवून ते घराकडे ओरडले, "अगं ए, पोरास्नी सांग, हिकडं दंगा घालायचा न्हाय!"

तुमच्या आईच्या वेळी माझ्या खोलीबाहेर माझे वडीलही असेच ओरडायचे.