जावेच्या पायाची माती

औंढ्याला नागनाथाच्या वाटेवर माझं नारळ-बेलफुलांचं दुकान आहे. डोक्यावर टोपली घेऊन सुरुवात केली, भांडून भांडून जागा मिळवली. पण देवळाच्या दरवाजासमोरची जागा सासूबाईंनी धाकट्या जावेला दिली. भाविक उतरला की आधी तिच्याकडे वळतो. मी ओरडून घसा बसवायचा आणि तिनं नुसतं हसायचं. देवाच्या वाटेवर बसूनही माझी नजर तिच्या गर्दीवर. नागनाथाशीसुद्धा मी भावच करायची: माझं दुकान तिच्यापेक्षा चालव, अभिषेक करते.

श्रावणातल्या एका सोमवारी माझी पाच वर्षांची पोरगी अंथरुणातून उठली ती लंगडतच. पडली नव्हती, लागलं नव्हतं. गुडघा दुखतो म्हणाली. गुडघा तर चांगला दिसत होता. आदल्या संध्याकाळी जाऊ तिला म्हणाली होती, "किती पळतीस गं, हरणावानी!" तेच माझ्या डोक्यात बसलं. आमच्याकडे जिची नजर लागली तिच्या पायाखालची माती मीठ-मिरचीत घालून लेकरावरून उतरवतात. पोरीला कडेवर घेतलं आणि जावेच्या अंगणात गेले. वाकून चिमूटभर माती पदराच्या टोकाला बांधली, तोच ती दारात आली.

"अक्का, काय सांडलं?"

"तुझ्या पायाची माती घेऊन राहिले. लेकराला नजर लागली."

"माझी व्हय? मग चिमटीनं काय होतंय, टोपलंभर न्या की!" हसत तिनं पोरीला घ्यायला हात पुढे केले आणि तिचं हसू थांबलं. "अंग किती तापलंय हिचं! खाली उभी करा बरं."

पोरीनं पाय टेकवलाच नाही. मांडीला हात लागताच किंचाळली. रागाच्या भरात, पोरगी कडेवर असूनही तो ताप मला कळला नव्हता.

"तेल लावून चोळते," मी म्हणाले.

"चोळू नका. आधी दवाखाना."

"अन् तुझं दुकान? श्रावणी सोमवार हाय."

"सोमवार काय पुन्हा येणार न्हाई का?"

तिनं दुकानावर ताडपत्री ओढली आणि आमच्याबरोबर निघाली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी पाय हळूच फिरवून पाहिला. दुखणं खुब्यात आहे, मुलांना ते गुडघ्यात जाणवतं, म्हणाले. रक्त तपासलं, सोनोग्राफीत सांध्यात पाणी दिसलं. "ताप आहे, पाय टेकत नाही. आत पू असेल तर खुबा कायमचा खराब होईल. आजच नांदेड गाठा."

नांदेडच्या दवाखान्यात तिला ऑपरेशनला आत नेलं. बाहेर बसून मी नागनाथाशी बोलायला गेले आणि पहिल्यांदाच मला भाव सुचेना. द्यायला माझ्याकडे होतं तरी काय? हाताला पदराची गाठ लागली. ज्या बाईवर जळत मी ती बांधली, तीच माझ्या शेजारी डोळे मिटून बसली होती.

पू काढला, वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. पोरीला बाहेर आणलं तेव्हा मी गाठ सोडली आणि अंगारा लावावा तशी ती माती तिच्या कपाळाला लावली.

जाऊ बघत होती. "उतरली का माझी नजर?"

"गप बस," म्हणाले आणि तिच्याच खांद्यावर रडले.

पोरगी आता पळते. गर्दी अजून जावेकडेच होते आणि मी अजून जळते. खोटं कशाला सांगू? पण नागनाथाला आता भाव सांगत नाही. तो कोणाच्या हातून देईल ते त्यानं ठरवावं. मी नुसता पदर पसरते.