शकूची रिकामी किटली

दीड महिना झाला. सकाळी ओट्यावर मेथी निवडत बसले होते, तेवढ्यात शेजारच्या दारातून पुतण्याची हाक आली, "काकू, लवकर या, आई बोलंना." जाऊन पाहते तर शकू खुर्चीत एका अंगावर कललेली, तोंड वाकडं झालेलं. मंचरच्या दवाखान्यात नेलं. मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी बंद झाली म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. रडण्याआधी माझ्या डोळ्यांपुढं काय आलं असेल, तर दुधाची किटली. लाज वाटते सांगायला, पण हे लिहायला बसले ते त्या किटलीसाठीच.

शकू माझी धाकटी जाऊ. महाळुंगे पडवळला आमची घरं भिंतीला भिंत लावून. चाळीस वर्षांत आम्ही किती भांडलो त्याचा हिशेब नाही, पण मला पहिला घास गोड लागायचा तो तिच्याच हातच्या कालवणाचा. सहा वर्षांपूर्वी गावात आरोग्य तपासणी झाली. पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाईंनी शकूच्या कमरेला टेप लावली, रक्त घेतलं आणि सांगितलं, साखर, रक्तदाब, चरबी आणि पोटाचा घेर, सगळे एकाच घरात नांदतायत. मग तिला दवाखान्यात बोलावून हाताला पट्टा आवळला, पाच मिनिटं रक्त अडवलं आणि सोडलं. सोडल्यावर हातातली रक्ताची नळी किती फुलते ते पडद्यावर पाहायचं. शकूची फारशी फुललीच नाही.

"आजी, नळीला आतून अस्तर असतं," बाई म्हणाल्या, "ते राठ झालंय. भरभर चाललात की रक्त जोरानं वाहतं, त्यानं ते अस्तर पुन्हा नरम पडतं."

"म्हंजी आमच्या शेतातल्या ड्रिपच्या नळीवानी. ती चोंदली की तिच्यात आमी ॲसिड सोडतो, तसं काय न्हाई का?" शकूनं विचारलं.

"तुमचं ॲसिड म्हणजे रोज चाळीस मिनिटं चालणं."

मी शेजारी बसून हसत होते. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होते. वय सासष्ट, अक्कल सोळाची. म्हटलं, "बाई, जन्मभर डोक्यावर भारे वाहिले, आता आमाला चालायला शिकवता व्हय?" भारे वाहून वीस वर्षं झाली होती, हे सांगायचं मी सोयीनं विसरले. आता नांगरटीला ट्रॅक्टर, खुरपणीला मजूर, विहिरीवरची मोटारसुद्धा मोबाईलवर चालू होते. आम्ही दोघी दुपारभर हिंदी मालिकांतल्या सुनांची उणीदुणी काढायचो, तेवढाच काय तो व्यायाम.

शकू मात्र दुसऱ्या दिवशी निघाली. आणि आमच्याकडं खरी अडचण तिथंच आहे. बाई माणूस रिकाम्या हातानं रस्त्यानं चाललं, की प्रत्येक दारातून विचारणा होते, "कुठं निघाला?" 'चालायला' हे काही उत्तर होत नाही. पहिल्या दिवशी तिला तीन घरांनी आत बोलावलं आणि तीन कप चहा पाजला, पाकासारखा. घरी येऊन म्हणाली, "आक्का, अशानं साखर उतरायची न्हाई, चढंल." तिसऱ्या दिवशी तिनं खुंटीवरची किटली काढली. गाई विकून दोन वर्षं झाली होती. झाकण घट्ट लावून निघाली. कुणी विचारलं की, "मळ्यातनं दूध आणाया चालले." येतानाही झाकण घट्टच, त्यामुळं आत काय आहे ते कुणाला कळायचं नाही. कॅनॉलच्या पुलापर्यंत जायची, तिथं किटली या हातातून त्या हातात घ्यायची आणि तशीच परतायची.

तीन महिन्यांनी पुन्हा पट्टा आवळला. नळी चांगली फुलली. रक्तदाबाची गोळी अर्धी झाली. घरी आल्या आल्या तिनं बाही वर करून हात माझ्यापुढं धरला, जणू वरून दिसणारच आहे. "बघा आक्का, लई मोकळी झालीया."

मग संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्या घरी होतं. ओटा बायकांनी भरलेला. एकीनं शकूला सहज विचारलं, "कुणाकडनं दूध आणता वो? आमाला बी लावून द्या." शकू काही बोलायच्या आत मी बोलले. माणसं जमली की मला हसवायची खाज सुटते. "दूध कसलं आणती? रिकामी किटली फिरवून आणती." एवढ्यावर थांबले असते तर... पण नाही. तांब्या उचलला आणि तिची चाल करून दाखवली, हात बदलण्यासकट. बायका हसून लोळल्या. शकूही हसली, खाली बघून.

दुसऱ्या दिवसापासून किटली खुंटीला. दुकानात गेली तरी कुणीतरी विचारायचं, "आज किती लिटर?" ती मला म्हणाली, गुडघे दुखतात. गुडघे नव्हते दुखत, मला माहीत होतं. आठ दिवस तसेच जाऊ दिले. मग गेले आणि म्हटलं, "चल, मी बी येते संगं."

"ऱ्हाऊ द्या आक्का. लोकांची करमणूक झाली तेवढी बास."

मी पुन्हा विचारलं नाही. वर्षभरानं तपासलं, तर कमावलेलं सगळं गेलं होतं. गोळी पूर्ण झाली, पुढं दोन झाल्या.

दहाव्यानंतर मी त्याच डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, ती चालत राहिली असती तर? त्या म्हणाल्या, "एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, आजी." मला हायसं वाटायला हवं होतं. तेवढ्यात त्याच पुढं म्हणाल्या, "पण चालणं सोडायला नको होतं त्यांनी."

तेराव्यानंतर शकूची सून जुनी भांडी बाहेर काढत होती. मी किटली मागून घेतली. आता रोज सकाळी निघते. पुलापर्यंत जाताना धाप लागते, तिथं हात बदलते. दारादारातून विचारतात, "कुठं निघाला, आजी?" मी म्हणते, "चालायला." एखादीचा विश्वास बसत नाही, मग तिच्यापुढं किटली तिरपी करून दाखवते, आत काही नाही. झाकण मी आणतच नाही. ते शकूच्या खुंटीला टांगून ठेवलंय.