पंगतीतून उठणं

नातवाच्या मुंजीत आम्हा म्हाताऱ्यांसाठी टेबलं मांडली होती. माझे चुलतभाऊ अप्पा मात्र सरळ खाली पाटावर जाऊन बसले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, रोज सूर्यनमस्कार घालणारे. वहिनी गुडघे धरत टेबलाकडे निघाल्या, तेव्हा चारचौघांत म्हणाले, "बस तू तिकडे. टेबल म्हाताऱ्यांना लागतं."

जेवणं झाली, पंगत उठली. अप्पा उठले नाहीत. त्यांनी ताक मागितलं, मग पुन्हा ताक. उष्ट्या पत्रावळी उचलत वाढपी त्यांच्यापाशी येऊन थांबले. अप्पांचा डावा हात पाटाची कड धरून जोर लावत होता आणि गुपचूप मांडीवर परत येत होता.

आम्ही पहाटे फिरतो, पथ्य पाळतो, गुडघ्यांना तेल चोळतो. कशासाठी, तर कुणावर ओझं नको म्हणून. खरंच आहे ते. पण त्याखाली आणखी एक इच्छा असते, ती देवापुढेही बोलता येत नाही. आपल्या बरोबरीचं कुणीतरी आपल्याआधी खचलेलं बघायला मिळावं.

एका हाताचा आधार पुरला असता. आमच्या टेबलावरून कुणीच हललं नाही. सगळे बडीशेप चघळत बघत राहिलो. शेवटी अप्पांनी मान वळवून वहिनींकडे पाहिलं.

वहिनींनी सावकाश हात पुसले आणि वाढप्याला हाक मारली.

"यांना अजून ताक वाढा. यांना उठायची घाई नाही."