तांदळात लिहिलेलं नाव

त्या प्रकरणाला बरीच वर्षं झाली, पण त्यातली पहिली चौकशी माझ्या मनातून जात नाही. मी पोलीस नव्हते. स्टुटगार्टजवळच्या एका गावात पोलिसांसाठी मराठी-जर्मन दुभाषी म्हणून काही वर्षं काम केलं. आता सोडलं आहे. युरो येऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. गावच्या राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीत, तळमजल्यावर पोलीस चौकी होती आणि वर परदेशी नागरिकांचं कार्यालय. नावं कोणाचीच लिहीत नाही.

राटहाउसच्या टपालपेटीत एक निनावी पत्र आलं. पुण्याच्या एका इंजिनिअरची इथे राहणारी बायको खोटी आहे, त्याचं लग्न दुसऱ्याच बाईशी झालं आहे, असा मजकूर. त्या दुसऱ्या बाईचं नावही दिलं होतं. बायकोचा राहण्याचा परवाना तीन आठवड्यांत संपत होता. पत्रामुळे तिचा अर्ज थांबला.

चौकीतले अधिकारी निवृत्तीला आलेले, शांत गृहस्थ. त्यांनी तिला चौकशीला बोलावलं. नवरा रजा काढून आला होता आणि बाहेर बाकावर तिचा कोट मांडीवर घेऊन बसला होता. माझ्यासाठी असं कधी कोणी बसलं नव्हतं.

"या नावाची बाई तुम्हाला माहीत आहे?"

तिने मान खाली घातली. "नाही."

मी "नाइन" म्हटलं. मला मात्र अंदाज आला होता. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. माझ्या आईचीही दोन नावं आहेत. पण दुभाष्याने बोललेलं तेवढंच सांगायचं असतं. मी गप्प राहिले.

आठवड्याने अधिकारी म्हणाले, "तर मग, दोन नावं, म्हणजे दोन बायका. फाइल वर पाठवतो. तिला बहुधा परत जावं लागेल."

"मला एक सांगायचंय," मी म्हणाले. "हे भाषांतर नाही."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तिला पुन्हा बोलावलं. या वेळी ती रडलीच. "घाबरले हो मी. ह्यांनी बजावलं होतं, कागदावर आहे तेवढंच बोल. ते माझंच लग्नातलं नाव, पण कुठल्याच कागदावर नाही."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. "मग पत्र लिहिणाऱ्याला ते कसं कळलं?"

त्या लग्नाला हजर असलेली एकच व्यक्ती गावात होती. नवऱ्याची थोरली बहीण.

ती आली. जर्मन उत्तम, तरी म्हणाली, मराठीतच बोलेन.

"भावजयीचं लग्नातलं नाव कोणी ठरवलं होतं?"

"ठरवतं कोणीतरी घरातलं."

प्रश्न विचारून थांबायचं, ही अधिकाऱ्यांची पद्धत होती. बरेच जण त्या शांततेतच बोलून जात.

"मी," ती म्हणाली. "महिनाभर शोधत होते. आणि बाईसाहेब म्हणतात, ताई, मला माझंच नाव बरं! हाही हसला तिच्याबरोबर. त्याला जर्मनीत आणलं मी. पाच वर्षं दर रविवारी माझ्याकडे जेवायचा. आता रविवारी बायकोला सायकल शिकवतो."

"पत्र तुम्ही लिहिलंत?"

"लिहिलं. इथे कागद जुळला नाही की माणूस खोटा ठरतो. मला माहीत होतं."

खोट्या तक्रारीबद्दल तिचं प्रकरण सरकारी वकिलाकडे गेलं. भावजयीला परवाना मिळाला. तो घेऊन खाली येताना जिन्यात तिने माझा हात धरला. "तुम्ही होतात म्हणून वाचले. आठवडाभर बॅगा भरून बसले होते, माहितीये? आईला फोन करून रडत होते."

मी काहीतरी पुटपुटले आणि निघाले.

हेव्यापोटी माणूस काय करू शकतो हे या प्रकरणात शिकले, असं मी म्हणू शकते. पण ते पुरेसं नाही. पहिल्याच दिवशी मी तोंड उघडलं असतं तर तो आठवडा तिच्या वाट्याला आला नसता. मी नियमामुळे गप्प बसले नव्हते. बाहेर बाकावर तिचा कोट मांडीवर घेऊन बसलेला तिचा नवरा मला खुपला होता. नणंदेचा जबाब मी शब्दन् शब्द जर्मनमध्ये सांगितला, त्यांनी तो लिहून घेतला, तिने सही केली. माझा जबाब कोणी मागितला नाही. तो इथे देते आहे.