ओटा आमचा, ग्रहण साहेबाचं

दोन मराठी माणसं एका गोदामात कामाला लावा, वर्षभरात किश्शांसाठी दुसरं गोदाम भाड्यानं घ्यावं लागतं! आमचं गोदाम इंग्लंडातल्या स्लाऊचं. मी फोर्कलिफ्टवर, भिकाजी राणे पॅकिंगला. मी सातवी नापास, तो नववी. तरी दोघं दर मंगळवारी संध्याकाळी लायब्ररीतल्या क्लासला जायचो. विषय काय, तर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या साहेबांनी चंद्र आणि ग्रहणं कशी अभ्यासली! मी जायचो बिस्किटांसाठी. भिकाजी जायचा पणजोबांसाठी.

तो विजयदुर्गचा. तिकडे सांगतात, १८६८ साली खग्रास ग्रहण बघायला साहेब किल्ल्यावर आले, दुर्बिणींसाठी ओटे बांधून घेतले. त्यांचे चिरे वाहिले भिकाजीच्या पणजोबांनी. आणि ऐन ग्रहणात पणजोबा कुठे? घरात, दार लावून, भिंतीकडे तोंड करून! ग्रहण बघायचं नसतं ना!

"ओटा आमचा, ग्रहण साहेबाचं!" भिकाजी म्हणायचा. मग हळूच, "बाळ्या, घराण्यातल्या एकानं तरी ते बघायला हवं रे."

*

क्लास घ्यायच्या मिस पॉलीन, रिटायर्ड टीचर. त्यांनी सांगितलं, तेव्हा कॅमेऱ्याला चंद्र जवळून दिसेना, म्हणून एका साहेबानं प्लास्टरचे डोंगर केले, बाजूनं उजेड टाकला आणि त्यांचेच फोटो पुस्तकात छापले.

मी म्हटलं, हा तर आपल्या जातकुळीचा!

भिकाजीच्या बायकोचं, सुशीलावहिनींचं थालीपीठ टेबललॅम्पशेजारी ठेवलं, फोटो काढला, त्याची स्लाइड मिसच्या चंद्राच्या स्लाइडांमध्ये सरकवली. मिस पाच मिनिटं विवरं दाखवत होत्या! "आणि हे मधलं बघा, किती गोल!"

"मिस, ते तेल सोडायला असतं," मी म्हटलं.

पुढच्या मंगळवारी मिस रिकामा डबा घेऊन हजर. "चंद्र उरलाय का थोडा?"

*

त्याच १८६८च्या ग्रहणात सूर्यावर हेलियमची पहिली खूण दिसली, असं मिसनी शिकवलं. भिकाजीच्या वाढदिवसाला मी हेलियमचा फुगा नेला. "घे, पणजोबांची कमाई!"

सगळे हसले. भिकाजीनं तो लॉकरच्या हँडलला बांधला. आठवड्यानं फुगा सुरकुतून जमिनीला टेकला, तरी गडी सोडेना.

मीही मग हसायचं सोडलं. दोन दिवस.

*

नव्याण्णव साली खग्रास ग्रहण थेट कॉर्नवॉलला! भिकाजीनं रजेचा अर्ज भरला. कारण: 'घरगुती काम. १८६८ पासून पेंडिंग.'

सुपरवायझरनं दोनदा वाचलं, सही केली. "मग आता उरकूनच ये, मेट."

*

वहिनी कॉर्नवॉलच्या बसमध्ये बसल्या त्या अटी घालूनच. "तुम्ही बघा काय ते. मी पाठ करून बसणार. वेध लागले की खाणं नाही, सुटलं की आंघोळ." पाण्याच्या फ्लास्कमध्ये खिडकीतल्या कुंडीतलं तुळशीपत्र.

सोबत आलेल्या मिस पॉलीननी सगळं ऐकून घेतलं, हातातलं सँडविच परत कागदात गुंडाळलं. "एक पान मलाही द्या. उगाच रिस्क नको!"

*

कॉर्नवॉलचा समुद्र, सकाळची वेळ, आणि वर ढगांची गोधडी. भिकाजी लग्नातला सूट घालून आभाळाकडे तोंड करून उभा. वहिनी समोरच्या बाकावर, समुद्राला पाठ, डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलतायत.

अंधार आला तो समुद्रावरून धावतच आला. पक्षी गप्प झाले. मला एकही विनोद सुचेना. ढग काही हलेना.

भिकाजीनं मिनिटभर वाट पाहिली. मग वळला, बाकाशी गेला, वहिनींसमोर वाकला. "सुशे, उघड डोळे. काही दिसत नाहीये. घाबरू नको."

वहिनींनी डोळे उघडले, मान वळवून मागे आभाळाकडे पाहिलं.

नेमका तेव्हाच ढग फाटला. तीन सेकंद, फार तर चार. मिस पॉलीन किंचाळल्या. भिकाजीची नजर बायकोच्या तोंडावर. तो झटकन वर बघेपर्यंत गोधडी परत शिवलेली!

उजाडलं.

"सुशे," भिकाजीनं विचारलं, "कसं होतं गं?"

वहिनींनी पदरानं डोळे पुसले.

"सांगते. आधी आंघोळ."

भिकाजीनं बूट काढले, मोजे नीट घडी करून त्यात ठेवले, आणि सुटासकट समुद्राकडे चालायला लागला.