आई जहाजावर पाणी प्यायली नाही

रविवारी आईला सुरतजवळच्या हजिरा बंदरात नेलं... जयूचं जहाज बघायला. जयू माझी धाकटी बहीण, सरकारी समुद्र-संशोधन जहाजावर नोकरीला आहे. खोल पाण्याचे नमुने काढायचे आणि तपासायचे, हे तिचं काम.

आईला ही नोकरी पहिल्यापासून पटलेली नाही. "लग्न करायचं सोडून पोरीला पाण्यात सोडली," हे सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ऐकवून झालंय! त्यामुळे कॅप्टनसाहेबांनी सगळ्यांच्या घरच्यांना जहाज बघायला बोलावलं, तेव्हा जयूने मला बजावलं होतं, काहीही करून आईला आण... ती एकदा मनापासून हो म्हणाली की मी सुटले.

ऊन मी म्हणत होतं. जयूने सगळं जहाज फिरवून दाखवलं... तारेला बांधून समुद्रात सोडायच्या बाटल्या, तळातून काढलेला गाळ, तिची झोपायची जागा. आईने गादी दाबून पाहिली, स्वयंपाकघरात डोकावली.

मग कॅप्टनसाहेबांनी चहा मागवला. आईने हात जोडले. सरबत आलं, तेही नको. "माताजी, पानी तो लीजिए," साहेब म्हणाले... तेसुद्धा नाही! ओठ सुकलेले, पदराने घाम पुसतेय, पण घोटभर घेईना. जयूचा चेहरा पडला. मला तर आईचा असा संताप आला...

जेट्टीवर उतरलो आणि आईने पिशवीतली बाटली काढून घटाघटा रिकामी केली. जयू रडवेली झाली. "माय, इतला राग शे का आजून?"

आई तिच्याकडे बघतच राहिली. "राग कसाना? आंडेरना घरनं पानी पेतस का कोनी?"

आंडेर म्हणजे लेक. लग्न झालेल्या लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं आमच्या खानदेशातली जुनी माणसं अजून पाळतात. इथे ना लग्न, ना जावई... आईने परस्पर जहाजालाच लेकीचं घर करून टाकलं होतं!

जयू युनिफॉर्ममध्येच तिच्या गळ्यात पडली. रडत होती की हसत होती, देव जाणे.

परत येताना मी मुद्दाम खोडी काढली, मग आता लग्न कधी होणार? "व्हई तव्हय व्हई," आई म्हणाली, आणि खिडकीला डोकं टेकून झोपून गेली.

आई, तुझी त्या दुपारची तहान मी जन्मात विसरणार नाही.